मोहापर्यंत पोचणारं नाव

आत्याबाईंनी हाक मारली की बैल थांबायचे. मी वाढवून सांगत नाही. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, उभं राहून त्यांनी गड्याला जेवायला बोलावलं, की गड्यानं कासरा ओढायच्या आधीच पलीकडची बैलजोडी चिखलात उभी राहायची. हाक कोणासाठी आहे याच्याशी बैलांना घेणं नव्हतं. या आवाजानंतर सुट्टी मिळते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. पण आमच्या आत्याबाईंची हाक गोंदियाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या सायकलवाल्यांनाही ऐकू यायची, आणि त्यातले निम्मे मागं वळून बघायचे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. लग्न होऊन गेल्या आणि वर्षभरात नवरा गमावून आमच्या मुर्री गावात माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या. एवढ्याशा देहात एवढा आवाज ठेवता कुठं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "दुसरं ठेवाले काही नव्हतंच वं माह्याजवळ. मंग तोच ठेवला." असं बोलून त्या हसायच्या, आणि आपणही हसावं की नाही हे समोरच्याला कळायचं नाही.

या आवाजाला गावानं एक काम नेमून दिलं होतं. कोणाच्या घरी मुलगा झाला, की बारशाच्या आदल्या दिवशी त्याचं ठरवलेलं नाव आत्याबाईंकडं यायचं. त्या आमच्या धुऱ्यावर उभ्या राहायच्या. सहा बांध्या पलीकडं मोहाचं झाड होतं. त्याखाली बाळाच्या घरातलं कोणीतरी खांद्यावर दुपट्टा टाकून उभं राहायचं. आत्याबाई नाव हाकायच्या, एकदाच. नाव धडपणे ऐकू आलं तर झाडाखालच्या माणसानं दुपट्टा वर करायचा. मग नाव पक्कं. दुपट्टा वर गेला नाही तर नाव बाद. शेतावर राबणाऱ्याला साप निघाला, बैल उधळला, भाकर आली, सगळं हाकेनंच कळायचं. तेव्हा नाव मोहापर्यंत पोचायला हवं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

गोविंदा पोचायचं, सदाशिवा पोचायचं, सोमा तर रस्ता ओलांडून जायचं. दिलीपवर त्यांचा राग होता. "शेवटी तोंडच मिटून घेते थो. मिटल्या तोंडानं कोण हाकते?" सुरेश, रमेश, नरेश या सगळ्यांना त्यांनी एकाच पावसाळ्यात बाद केलं. "चांगलं जाऊन राहते, जाऊन राहते, अन् शेवटी हवा निघते. सायकलच्या ट्यूबवानी." मुलींची नावं का नाही हाकून बघत, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पोट्टी हाकेच्या आंधीच येते. पोट्ट्यालेच हाकाव लागते."

नियम मात्र त्यांनी बाईच्या बाजूनं ठेवला होता. पहिलं नाव आईचं. "पोट तिचं दुखलं, मंग पहिलं तिचं." ते बाद झालं, तरच बाळाच्या आत्याचं किंवा घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव हाकायचं. आमच्या घरात ती बाई म्हणजे त्याच. आणि त्यांच्या मनात वर्षानुवर्षं एकच नाव होतं, माधो.

माधो त्यांचा धाकटा भाऊ. त्या माहेरी परत आल्या त्याच वर्षी त्याला जन्म देऊन आई गेली, आणि सोळा वर्षांच्या आत्याबाईंनी त्याला कडेवर घेतलं. आवाज असा झाला तो त्याच्यापायी, असं त्या सांगायच्या. दिवसभर बांध्यांमधून खेकडे धरत हिंडायचा आणि जेवायला एका हाकेत कधी आला नाही. तो नऊ वर्षांचा असताना गावात पटकीची साथ आली. त्यानंतर आत्याबाईंनी ते नाव हाकलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव शेतात हाकलं तर तो अर्ध्या वाटेतून परत फिरतो, असं आमच्या घरात मानत. त्याच घरात त्याच नावाचं लेकरू आलं, तरच नाव मोकळं होतं. गावात तेव्हा माधोंना तोटा नव्हता. पाटलाचा माधो होता, सुताराचा माधो होता, एक बुटका माधो होता. पण आत्याबाई म्हणायच्या, "दुसऱ्याच्या माधोले मी कायले हाकू? थो काय माह्या हातचं जेवाले येईन?"

आमच्या ह्यांच्या जन्माच्या वेळी नाव नवसाचं आलं. देवाला बोललेलं नाव, तिथं दुपट्ट्याचा प्रश्नच नव्हता. ह्यांच्या पाठीवर मुलगी. मग आले मी.

माझं माहेर गोंदियात, बाजाराला लागून. आमच्या गल्लीत मराठी घरांतली भांडणंसुद्धा हिंदीतून व्हायची. मी मॅट्रिक पास, आणि स्वतःला काय समजायची म्हणता. मुर्री गोंदियाला खेटून, सायकलनं जाण्यासारखं, पण मी सासरी अशी आले जशी कलेक्टरीण दौऱ्यावर येते. धुऱ्यावरून चपला घालून चालायची आणि दर दहा पावलांवर एक चप्पल चिखलात सोडून यायची. गावानं आठवडाभरात माझं नाव 'चपलेवाली' ठेवलं. मला वाटलं कौतुकानं ठेवलं.

दिवस गेले तेव्हाच मी मुलाचं नाव ठरवून टाकलं. राजेश. ते नाव तेव्हा हवेत होतं. शहरात दुकानांच्या पाट्यांवर, कॉलेजच्या फाटकात, लग्नाच्या पत्रिकेत, जिथं बघाल तिथं राजेश. आमच्या गल्लीत स्कूटरवरून फिरणारा एक राजेश होता, हेही एक कारण. तो माझ्याकडं कधी पाहायचा नाही, तरी मी अंगणात दिवसातून दोनदा रांगोळी काढायची. ह्यांना हे आजवर सांगितलेलं नाही. लिहायला हरकत नाही, ह्यांचा चष्मा माझ्या उशाखाली आहे.

आत्याबाईंनी माधो म्हणताच मी पदरात तोंड लपवून हसले, आणि हसणं दिसेल इतपतच लपवलं. म्हटलं, "आत्याबाई, माधो म्हणजे सिनेमातला नोकर. अरे माधो, पानी ला. माझ्या मुलाला शाळेत हसतील."

त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. बोट थांबलं नाही. "हसतील तं हसतील. थकतील अन् घरी जातील."

मला मात्र भीती वाटत होती. सुरेश, रमेश, नरेश बाद झालेले मी ऐकून होते आणि माझ्या राजेशचं शेपूटही तेच होतं. ते बाद झालं की पाठोपाठ माधो हाकला जाणार, आणि ते मोहापर्यंत काय, स्टेशनपर्यंत पोचणार. झाडाखाली उभं राहायचं होतं ह्यांना. मुलगा झाला, आणि हाकेच्या आदल्या रात्री मी बाजेवर पडल्या पडल्या बजावलं, "नाव ऐकू येवो न येवो, दुपट्टा वर गेला पाहिजे. नाही गेला तर मैं चली गोंदिया, पोराला घेऊन." हे आत्याबाईंना माझ्यापेक्षा जास्त घाबरायचे. पण आत्याबाई घर सोडून जाणार नव्हत्या, आणि माझा काही भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बाळ मांडीवर घेऊन गुरांच्या कोठ्याच्या दारात बसले. आत्याबाई धुऱ्यावर गेल्या. पदर खोचला, दोन्ही तळवे तोंडाशी नेले, छाती भरून श्वास घेतला. आणि मोहाखाली दुपट्टा वर गेला.

हाक अजून छातीतच होती. पलीकडं हे दोन्ही हातांनी दुपट्टा असा हलवत होते जशी काही मालगाडी थांबवायची आहे.

आत्याबाईंनी भरलेला श्वास हळूहळू सोडून दिला. आवाज न करता. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लय तेज नाव आहे वं सूनबाई. म्या बोलाच्या आंधीच पोचलं."

बस, एवढंच. ना ह्यांना काही बोलल्या, ना सासऱ्यांना. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात राजेश त्यांनीच सांगितलं. मी जिंकले म्हणून खीर दोन वाट्या जास्त खाल्ली, आणि ती पचलीही. त्या वयात मला काहीही पचायचं.

फळ मिळायला उशीर लागला नाही. चपलेवालीच्या मुलाचं नाव मोहापर्यंत पोचलं, ही बातमी गावभर झाली. श वाल्या नावांना दार उघडलं. ज्यांच्या मनात राजेश होतं आणि हिंमत नव्हती, त्यांनी परीक्षेला न जाताच ठेवून टाकलं, एकदा पास झालेलं नाव म्हणून. माझा शाळेत गेला तेव्हा वर्गात पाच राजेश. मला सगळ्यांहून वेगळं नाव हवं होतं, आणि गुरुजी हजेरी घेताना म्हणायचे, "चपलेवालीचा राजेश आला का?" पोरगा दोन वर्षं रोज घरी येऊन विचारायचा, "आई, तू चपला काऊन घालत होती?"

आणि संध्याकाळी धुऱ्यावर उभी राहून मी "राजेश" म्हणून ओरडायची, तेव्हा शेवटी खरंच ट्यूबमधली हवा निघायची. पहिल्या बांधीतल्या बगळ्यालासुद्धा ऐकू जात नसे. पोरगा दिवेलागणीला आपल्या मर्जीनं यायचा. एकदा आत्याबाई माझी ही कसरत बघत उभ्या होत्या. मला बाजूला सारून त्यांनी एकच हाक दिली. नावाच्या शेवटी एक लांब आ जोडला, "राजेशाऽऽ", आणि बांध्यांच्या चारी कोपऱ्यांतून पाचही राजेश धावत आले. आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एकाले बोलावलं, पंगत आली." पाचही जणांना भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. माझ्या राजेशला शेवटी वाढलं, कारण यजमान तो होता.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग रोज संध्याकाळी आमची शाळा भरायची. "गळ्यातून नाई वं, बेंबीतून काढ. नाव फेकाचं नाई, सोडाचं. दगडावानी नाई, पाखरावानी." माझ्या हाकांनी आधी कुत्री भुंकायची, मग शेजारीण विचारायला यायची की घरात काही झालं का. दोन पावसाळे गेले. एक दिवस मी गड्याला हाक मारली आणि पलीकडच्या बांधीतली बैलजोडी थांबली. राजेश मॅट्रिक पास झाला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "चपलेवाली मेली, हाकेवाली झाली."

याच शाळेत कधीतरी, चिंचा फोडता फोडता, मी विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी तुम्ही पाहिलं होतं ना?"

"आंधळी होतो का मी?"

"मग बोलल्या का नाही?"

"बोलली असती तं बापूचा हात खाली आला असता." ह्यांना त्या बापू म्हणायच्या. " नव्या बायकोपुढं माणसाचा हात खाली पाडाव का?" त्यांनी चिंचोका बाजूला टाकला. "अन् तुले एवढं पाहिजे होतं, मंग होतं."

"आणि तुमचं?"

"माहं कोठी जाते? नाव काही सडत नाई."

मी चिंच फोडत राहिले. त्या दिवशी राजेश बाद झालं असतं, तर त्यांनी छातीत भरलेल्या दुसऱ्या श्वासानं माधो हाकलं असतं. कितीतरी वर्षांनी, सगळ्या शेतावर. मी त्यांची एवढी एक हाक पळवली होती, आणि वर खीर खाल्ली होती.

राजेशचं लग्न झालं, सून नागपूरची आली, आणि तिला मुलगा झाला तेव्हा मी परतफेडीला उभी राहिले. सुनेला गोड आवाजात सुचवलं, "माधो नाही तर माधव ठेव. सुंदर नाव आहे." ती दचकली. म्हणाली, "आई, शाळेत हसतील." शब्दाला शब्द तोच. कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मीच धावत पाणी आणलं. त्या म्हणाल्या, "घे. तुहंच होतं, तुलेच आलं."

सुनेचं नाव होतं शुभम. तेव्हा ते हवेत होतं. आत्याबाईंची पंचाहत्तरी आली होती, तरी धुऱ्यावर त्याच उभ्या राहिल्या. मोहाखाली राजेश. मी आदल्या दिवशी त्याला पायरीवर बसवून शपथ घातली होती, ऐकू आलं तरच हात वर. आत्याबाईंनी शुभम हाकलं आणि दुपट्टा वर गेला, हाकेच्या मागून, प्रामाणिकपणे. राजेश येऊन म्हणाला, शेवटचा म झाडाखाली भुंग्यासारखा ऐकू आला. "पोचलं तं पोचलं," आत्याबाई म्हणाल्या. पण मी त्यांच्या छातीकडं बघत होते. दुसऱ्या नावासाठी घेतलेला श्वास त्यांनी पुन्हा हळूहळू सोडून दिला. चार वर्षांत मुर्रीत इतके शुभम झाले की अंगणवाडीतल्या बाईंनी त्यांना रंग वाटून दिले. आमचा हिरवा शुभम.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, धानाची मळणी चालू असताना, आत्याबाईंनी अंथरूण धरलं. आवाज आधी गेला. पुटपुटल्यासारखं बोलायच्या, कान तोंडाशी न्यावा लागे. बाज दाराशी ओढायला सांगायच्या आणि मला धुऱ्यावर पाठवायच्या, गड्यांना जेवायला हाक म्हणून. मी हाक मारून मागं वळले की बाजेवर त्यांचा हात वर असायचा, हातात पदराचं टोक. पोचलं. शेवटच्या दिवसांत मला जवळ बसवून म्हणाल्या, "माह्या जागी आता तू हाकजो. पण चोरी नोको करजो." मी हो म्हटलं. बोलता बोलता रडले असते, पण त्यांनी डोळा मिचकावला.

त्या गेल्या आणि गावातून ते नावही गेलं. पाटलाचा माधो गेला, बुटका माधो गेला. सुताराचा माधो मुलाकडं फुलचूरला राहायला गेला. पोरांमध्ये तर ते नाव केव्हाच उरलं नव्हतं. राजेशनंतर सचिन आले, सचिननंतर शुभम, मग ओम, मग मला उच्चारताच येत नाहीत असे बरेच. मी मात्र हाकत राहिले. ज्याला हौस असेल तो बारशाआधी अजून यायचा, आणि मी खरं ते सांगायची. दोन-तीन घरांनी त्यावरून माझ्याशी बोलणं सोडलं.

यंदा हिवाळ्यात आमच्या हिरव्या शुभमला मुलगा झाला. तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये, बायको सायलीही तिथलीच. बारसं मुर्रीलाच करायचं, हा माझा हट्ट. सायलीनं व्हिडिओ कॉलवर मला नावांची यादी वाचून दाखवली. "पहिलं रिवान. दुसरं माधव."

मोबाइल माझ्या हातातून सुटला तो थेट डाळीत. पुसून कानाला लावला तेव्हा ती सांगत होती, "माधव फार गोड आहे आजी, पण आमच्या सोसायटीतच तीन माधव आहेत. हल्ली सगळेच ठेवतायत. म्हणून रिवानच करावं म्हणतेय."

"सगळेच ठेवून राहिले?"

"हो ना. एकदम ट्रेंडमध्ये आहे."

मी पदरात तोंड लपवून हसले. या वेळी पूर्ण लपवलं. ज्या नावाला मी नोकराचं म्हटलं, ते पुण्याच्या सोसायटीत गर्दी झाली म्हणून नको होतं.

मला सोपा रस्ता होता. आत्याबाईंची सगळी गोष्ट सायलीला सांगायची. पोरगी हळवी आहे, डोळे पुसत माधव ठेवलं असतं. पण ते हाकेच्या आधी दुपट्टा वर करण्यासारखंच झालं असतं. मी शब्द दिला होता. मी फक्त एवढंच म्हटलं, "आमच्या घरची रीत आहे. नाव धुऱ्यावरून हाकून पाहायचं. पहिलं आईचं. ते पोचलं तर तेच."

"म्हणजे रेंज चेक," ती म्हणाली, आणि तिला ते फार आवडलं.

बारशाच्या आदल्या दिवशी सगळे शेतावर गेलो. शेतावर म्हणजे काय, सहा बांध्यांपैकी दोन उरल्या आहेत. बाकीच्यांवर प्लॉट पडले, घरं झाली, गॅलऱ्यांतून कपडे वाळतात. मोहाचं झाड मात्र आहे, लेआउटच्या कोपऱ्यात, त्याच्या सावलीत लोक गाड्या लावतात. अंतर तेवढंच, मधे गोंगाट पाचपट. हे ऐंशीच्या घरात आलेत. खांद्यावर दुपट्टा टाकून तयार होऊन बसले होते. राजेश म्हणाला, "बाबा, तुम्ही नाही. तुमचा हात आधी जातो." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. पन्नासेक वर्षं मी ज्या गुपितावर बसले होते, ते हेच सगळ्यांना चहाबरोबर सांगत होते.

सायली म्हणाली, "मी स्वतः उभी राहणार. मीच ऐकणार." नागपूरच्या सुनेच्या मांडीवर बाळ दिलं, आजेसासऱ्यांचा दुपट्टा घेतला आणि घरांना वळसा घालून मोहाखाली जाऊन उभी राहिली. लांबून बोटाएवढी दिसत होती.

मी पदर खोचला. रिवान हाकायचं होतं, आणि प्रामाणिकपणे हाकायचं होतं. बेंबीतून काढलं, शेवटी आ जोडला, पाखरासारखं सोडलं. आत्याबाई असत्या तर त्यांनीही याहून जास्त दिलं नसतं. दुपट्टा हलला नाही. राजेशचा फोन वाजला. सायली विचारत होती, "आजींनी हाक मारली का? काहीतरी 'वा' असं ऐकू आलं. कोणी कौतुक करतंय असं वाटलं. पुन्हा एकदा?"

"एकदाच असते," मी म्हटलं. "दुसरं हाकते. तुझ्याच यादीतलं आहे."

मग मी श्वास घेतला. तो श्वास त्यांनी माझ्यासमोर दोनदा घेतला होता आणि दोनदा सोडून दिला होता.

"माधोऽऽ..."

नाव गेलं. वाळत्या कपड्यांवरून, गाड्यांच्या टपांवरून गेलं. शेजारच्या बांधीत ट्रॅक्टर होता, त्यावरच्या पोरानं इंजिन बंद करून मान वर काढली. बैल नसले तरी काहीतरी थांबलं म्हणायचं. आणि मग, हाक संपल्यावर, पुरती संपल्यावर, मोहाखाली दुपट्टा वर गेला. सायली तो दोन्ही हातांनी हलवत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई आली, कडेवर दोन-अडीच वर्षांचा गुटगुटीत मुलगा. "किसने बुलाया माधव को? ये तो खाना छोड़ के भागा." आणि रस्त्यावरच्या चहाच्या टपरीकडून काठी टेकत एक म्हातारा आला. सुताराचा माधो. फुलचूरहून रोज मुलाच्या गाडीवर बसून जुन्या गावात चहा प्यायला येतो. धुऱ्यापाशी येऊन थांबला, डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "कोण हाकून राहिलं गा मले? आत्याबाई तं गेली ना?"

यापुढं मला कोणी कसलंही बक्षीस दिलं तरी ते लहानच.

सगळ्यांना जेवायला घातलं. एक माधो ऐंशीच्या पुढचा, एक माधव अडीच वर्षांचा, एक अकरा दिवसांचा. मधल्या वयाचा एकही नाही. मधले सगळे राजेश आणि शुभम, ते वाढायला उभे होते. सायली म्हणाली, "आजी, इथंही तीन झाले की." मी म्हटलं, "होऊ दे. एकाले बोलावलं, पंगत आली." मग तिनं विचारलं, हे वाक्य कोणाचं, आणि तेव्हा, नाव पक्कं झाल्यावर, मी तिला सगळी गोष्ट सांगितली. ती रडली. मी तिला खीर दोन वाट्या जास्त वाढली.

बाळ महिन्याभरानं पुण्याला गेलं. तरी मी रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाते आणि एकदा माधो हाकते. नाव आता मोकळं आहे, जो कोणी वाटेत असेल त्यानं खुशाल मागं वळून बघावं. टपरीवर सुताराचा माधो असला तर हातातला कप तसाच धरून विचारतो, "मले का वं?"

मी म्हणते, "नाई गा. तू पी चहा."